नाणे किती वेळा फिरले?

एकाच मापाची दोन नाणी घ्या आणि टेबलावर शेजारीशेजारी, एकमेकांना खेटून ठेवा. डावीकडचे नाणे बोटाने दाबून धरा. उजवीकडचे त्याच्या कडेकडेने, जराही घसरू न देता, गडगडत न्या आणि पूर्ण वळसा घालून मूळ जागी आणा. या प्रवासात ते स्वतःभोवती किती वेळा फिरले?

करून बघण्याआधी मनाशी उत्तर ठरवा. दोन्ही नाण्यांचा घेर सारखा आहे, तेव्हा उत्तर एकदा, असे वाटते. आता नाण्यावरच्या अंकाकडे लक्ष ठेवून प्रयोग करा. नाणे अर्धाच वळसा घालून पलीकडे पोचते, तोवर अंक पुन्हा सरळ उभा झालेला असतो. म्हणजे एक फेरा तिथेच संपला. मूळ जागी येईपर्यंत दोन होतात.

हा प्रश्न भल्याभल्यांना चकवतो. १९८२ साली अमेरिकेतल्या एसएटी या प्रवेशपरीक्षेत त्याचाच भाऊ विचारला गेला होता. एका वर्तुळाची त्रिज्या दुसऱ्याच्या एक तृतीयांश. लहान वर्तुळ मोठ्याभोवती गडगडत मूळ जागी येईपर्यंत किती फेरे घेते? पेपर काढणाऱ्यांच्या लेखी उत्तर ३ होते. खरे उत्तर ४, आणि ते दिलेल्या पर्यायांत नव्हतेच. सुमारे ३ लाख जणांनी ती परीक्षा दिली होती. त्यांतल्या तिघांनी पत्र लिहून चूक दाखवून दिली.

दोन्हीकडे हिशेबापेक्षा एक फेरा जास्तीचा निघतो. तो येतो कुठून हे कळले की फिरणे म्हणजे काय हेही कळते. कारण गोंधळ गणितात नाही, 'फिरणे' या शब्दात आहे. आपण बागेत फिरतो, पंखा फिरतो, पृथ्वी सूर्याभोवती फिरते आणि डोकेही फिरते. एक क्रियापद किती कामे करणार?

आकाशपाळणा आठवा. मोठे चाक फिरते आणि त्याला टांगलेले पाळणे वर जाऊन खाली येतात. आता त्यातल्या एका पाळण्याचाच विचार करा. तो गोल मार्गाने जातो हे खरे. पण तो स्वतः फिरतो का? त्याचा तळ कायम जमिनीकडे आणि छत कायम आकाशाकडे असते. तुम्ही पूर्वेकडे तोंड करून बसलात, तर सगळा वेळ तुमचे तोंड पूर्वेकडेच राहते. पाळणा फिरलाच नाही. तो नुसता सरकला, फक्त सरळ रेषेत सरकण्याऐवजी वर्तुळात सरकला. फिरले ते चाक. त्याचा जो आरा आधी वर रोखलेला होता, तो पाव फेऱ्यानंतर आडवा झाला.

म्हणजे वस्तू फिरली की नाही हे ठरवायचे असेल, तर ती कुठे गेली हे बघायचेच नाही. तिच्यावर मनातल्या मनात एक रेघ ओढायची आणि त्या रेघेची दिशा बदलली का ते बघायचे. दिशा बदलली तर वस्तू फिरली. ती तसूभरही न हलता फिरू शकते आणि हजारो किलोमीटर हिंडूनही न फिरलेली राहू शकते.

शास्त्राच्या पुस्तकांनी यासाठी दोन वेगळे शब्द केले ते बरे झाले. स्वतःच्या आसाभोवती फिरणे ते परिवलन. दुसऱ्या कशाभोवती फेरी घालणे ते परिभ्रमण. आस हा शब्द मला फार आवडतो. गाडीची दोन चाके ज्या दांड्यावर फिरतात त्याला आस म्हणतात, आणि पृथ्वीच्या आरपार कल्पिलेल्या रेषेलाही आसच. गाडीचा आस हाताला लागतो आणि पृथ्वीचा लागत नाही, एवढाच फरक.

आता चंद्र घ्या. त्याची एकच बाजू कायम आपल्याकडे असते. मग तो स्वतःभोवती फिरत नाही, असे अनेकांना वाटते. आपली कसोटी लावू. एका खुर्चीभोवती असे चाला की तुमचे तोंड सतत खुर्चीकडे राहील. सुरुवातीला तुमच्यासमोर खिडकी होती. अर्ध्या वळशानंतर समोर त्याच्या विरुद्ध बाजूची भिंत येते. वळसा पूर्ण होईपर्यंत चारही भिंती समोरून जातात. म्हणजे खुर्चीची एक प्रदक्षिणा आणि स्वतःभोवती एक फेरा, दोन्ही एकाच वेळी पूर्ण झाले. चंद्र नेमके हेच करतो. दोन्ही गोष्टींना त्याला २७.३ दिवस लागतात, म्हणून त्याची मागची बाजू माणसाला प्रथम दिसली ती १९५९ साली, लुना-३ या सोव्हिएत यानाने काढलेल्या छायाचित्रांत. चंद्र स्वतःभोवती फिरत नसता, तर पृथ्वीवर बसून महिनाभरात त्याच्या सगळ्या बाजू बघता आल्या असत्या.

नाण्याचा जास्तीचा फेरा हाच. नाणे गडगडू न देता, त्याचा एकच बिंदू दुसऱ्या नाण्याला टेकवून चंद्रासारखे भोवती फिरवले, तरी त्याचा एक फेरा होतोच. तो वाट गोल असल्यामुळे मिळालेला. गडगडण्याचा आणखी एक. मिळून दोन.

पृथ्वीच्या खात्यावरही असा एक फेरा आहे. वर्षात दिवस ३६५ आणि वर सुमारे पाव. पण पृथ्वी वर्षभरात स्वतःभोवती ३६६ आणि वर पाव वेळा फिरते. आपण दिवस मोजतो तो सूर्य डोक्यावर आल्यापासून पुन्हा डोक्यावर येईपर्यंत. तेवढ्यात पृथ्वी आपल्या कक्षेत जवळजवळ एक अंश पुढे गेलेली असते, त्यामुळे सूर्याला पुन्हा गाठायला तिला पूर्ण फेऱ्याहून थोडे जास्त वळावे लागते. ताऱ्यांच्या संदर्भात मोजले तर फेरा २३ तास ५६ मिनिटे आणि ४ सेकंदांत होतो. रोज कमी पडणारी ही चार मिनिटे वर्षभर साठवली की एक अख्खा फेरा जमतो. तोच तारा रोज चार मिनिटे आधी उगवतो तोही यामुळेच.

इथे एक चांगली शंका निघते. सूर्याकडून मोजले तर ३६५, ताऱ्यांकडून मोजले तर ३६६. मग खरे कोणते? की ज्याचे त्याचे उत्तर ज्याच्या त्याच्या जागी बरोबर?

सरळ रेषेतल्या गतीला हे लागू पडते. गाडी एकाच वेगाने, धक्का न देता धावत असेल, तर खिडकी बंद केल्यावर आपण चाललो आहोत की उभे आहोत हे सांगता येत नाही. परिवलनाचे तसे नाही. बंद खोली फिरत असेल, तर बाहेर न डोकावताही ते ओळखता येते. फिरणाऱ्या वस्तूचा प्रत्येक कण क्षणाक्षणाला दिशा बदलत असतो आणि दिशा बदलायला आत ओढणारे बल लागते. ते जाणवते, मोजता येते. १८५१ साली लेऑन फूको या फ्रेंच शास्त्रज्ञाने पॅरिसच्या पँथेऑनच्या घुमटाखाली ६७ मीटर लांबीच्या तारेला २८ किलोचा गोळा टांगून झोके घ्यायला सोडला. झोक्याची दिशा तासागणिक वळत गेली. झोका वळवणारे कोणी नव्हते. खालची जमीन वळत होती. लोकांनी पृथ्वीचे फिरणे प्रथमच एका दालनात उभे राहून, आकाशाकडे न बघता पाहिले. असाच लंबक ध्रुवावर टांगला तर एक फेरी पूर्ण करायला त्याला २४ तास नव्हे, तर २३ तास ५६ मिनिटे लागतील. तो ताऱ्यांच्या बाजूने कौल देतो. पृथ्वीच्या आकारातही याची खूण आहे: फिरत असल्यामुळे ती कमरेत फुगली आहे आणि तिची विषुववृत्तीय त्रिज्या ध्रुवीय त्रिज्येपेक्षा सुमारे २१ किलोमीटर जास्त आहे.

परिवलनात, ज्याला पुस्तकांत घूर्णन गती असेही म्हणतात, वेग सांगायची पद्धतही बदलते. विषुववृत्तावर उभा माणूस पृथ्वीबरोबर ताशी सुमारे १,६७० किलोमीटर वेगाने फिरतो, ६० अंश अक्षांशावरचा त्याच्या निम्म्या वेगाने आणि ध्रुवावरचा जागच्या जागी गरकन, खरे तर अगदी सावकाश, वळतो. मग पृथ्वीचा वेग किती म्हणायचा? म्हणून किलोमीटर सोडून कोन मोजतात. तासाला १५ अंश, हे तिघांनाही सारखेच लागू. कडक, आकार न बदलणाऱ्या वस्तूचे सगळे कण एका वेळात एकाच कोनातून वळतात. याला कोनीय वेग म्हणतात. सूर्य कडक नाही, वायूचा गोळा आहे, त्यामुळे तो ही शिस्त पाळत नाही: त्याचे विषुववृत्त सुमारे २५ दिवसांत फेरा घेते, तर ध्रुवांजवळच्या भागाला त्याहून बरेच जास्त दिवस लागतात.

सरकणे आणि फिरणे एकत्र आले की गमती होतात. सायकल ताशी २० किलोमीटर वेगाने चालली असेल, तर टायरचा सर्वांत वरचा भाग त्या क्षणी ताशी ४० ने पुढे जात असतो आणि रस्त्याला टेकलेला भाग चक्क थांबलेला असतो. धावत्या चाकाच्या छायाचित्रात खालचे आरे स्पष्ट आणि वरचे पुसट दिसतात ते याचमुळे.

वस्तू फिरवायची कशी? नुसता जोर लावून भागत नाही, तो कुठे लावला हे महत्त्वाचे. दार बिजागरीजवळ ढकलून बघा. जितके लांबून ढकलाल तितके सोपे जाते. जोर आणि आसापासूनचे अंतर यांच्या गुणाकाराला टॉर्क म्हणतात. लांब दांड्याचा पाना घट्ट बसलेला नट सोडवतो तो याच हिशेबाने.

फिरायला होणारा विरोधही नुसत्या वजनावर ठरत नाही. ते वजन आसापासून किती लांब पसरले आहे ते बघावे लागते, आणि अंतराचा तर वर्ग धरायचा: अंतर दुप्पट झाले की विरोध चौपट. उतारावरून एक भरीव गोळा, एक भरीव दंडगोल आणि एक कडे एकदम सोडले, तर गोळा पहिला येतो आणि कडे शेवटी. वजने आणि मापे कशीही बदला, निकाल बदलत नाही. कड्याचे सारे वजन परिघावर असल्याने त्याची निम्मी ऊर्जा नुसती फिरण्यात जाते. गोळ्याची सातांतले दोन भागच. फिरत्या खुर्चीवर हातात दोन जड वस्तू घेऊन, हात पसरून बसा आणि कोणाकडून तरी खुर्ची हलकेच फिरवून घ्या. मग हात छातीशी ओढा. खुर्ची एकदम वेग घेते. बाहेरून कोणी टॉर्क लावला नाही, तर पसाऱ्यामुळे होणारा विरोध आणि कोनीय वेग यांचा गुणाकार कायम राहतो, म्हणून एक घटला की दुसरा वाढतो. या गुणाकाराला कोनीय संवेग म्हणतात. मोठ्या ताऱ्याचा गाभा कोसळून दहा-बारा किलोमीटर त्रिज्येचा न्यूट्रॉन तारा होतो, तेव्हाही हेच घडते. आकाशातल्या अशा एका ताऱ्याचे फेरे मोजले गेले आहेत: सेकंदाला ७१६.

इथवरची गोष्ट फेरे किती आणि किती वेगाने, एवढ्यापुरती होती. खरी मजा आसाच्या दिशेत आहे.

भोवरा कलला तरी पडत का नाही? 'फिरतोय म्हणून' हे उत्तर लहानपणी पुरते. पुढचे असे. समजा, भोवरा पूर्वेकडे कलला आहे. त्याचे वजन त्याला पूर्वेकडे आडवा पाडू बघते. पण पूर्वेकडे कोलमडणे हेही एक फिरणेच आहे, आणि त्याचा आस दक्षिणोत्तर आहे. प्रत्येक फिरण्याला त्याच्या आसाच्या दिशेने एक बाण जोडला, तर भोवऱ्याचा बाण मोठा, वर रोखलेला आणि जरा पूर्वेला झुकलेला. वजनाच्या ओढीचा बाण छोटा, आडवा आणि दक्षिणोत्तर. मोठ्या बाणाच्या टोकाला छोटा जोडला की मोठा पूर्वेकडे खाली जात नाही, तो बाजूला सरकतो. पुढच्या क्षणी कल बदललेला असतो, त्याबरोबर छोट्या बाणाची दिशाही. असे करत करत आस सावकाश गोल हिंडतो. पडण्याची सगळी ओढ त्याला वळवण्यात खर्ची पडते. भोवरा मंदावला की मोठा बाण लहान होतो आणि त्याच ओढीने जास्त वळतो, म्हणून पडण्याआधी भोवऱ्याचे हेलकावे वाढलेले दिसतात.

पृथ्वी असाच एक भोवरा आहे. तिचा आस सुमारे २३.४ अंश कललेला आहे आणि कमरेतला तो २१ किलोमीटरचा फुगवटा सूर्य-चंद्राच्या ओढीला पकडायला सोयीचा पडतो. ती ओढ आसाला सरळ उभा करू बघते. आस सरळ होत नाही, हिंडू लागतो. एक फेरी सुमारे २६,००० वर्षांची. याला संपातचलन म्हणतात. आजचा ध्रुवतारा उत्तर दिशेला अढळ दिसतो, कारण सध्या आस जवळजवळ त्याच्यावर रोखलेला आहे. सुमारे ४,८०० वर्षांपूर्वी तो मान कालेय तारकासमूहातल्या ठुबानकडे होता, आणि आणखी १२,००० वर्षांनी अभिजित त्या जागेच्या आसपास असेल. अढळपदही मुदतीचेच निघाले.

फिरण्यातली आणखी एक गोष्ट मला आजही विचित्र वाटते. चालताना आधी १० पावले पूर्वेला आणि मग ५ उत्तरेला जा, किंवा उलट क्रमाने जा; पोचाल एकाच जागी. आता एक पुस्तक टेबलावर सपाट ठेवा. आधी त्याला टेबलावरच काटकोनात उजवीकडे वळवा, मग तुमच्या बाजूची कड उचलून काटकोनात उभे करा. दुसऱ्या खेपेला हेच उलट क्रमाने: आधी तुमच्या बाजूची कड उचलून उभे, मग टेबलावर उजवीकडे काटकोन. पुस्तक दोन वेळा दोन वेगळ्या स्थितींत थांबते. सरकण्यात क्रमाला किंमत नाही, फिरण्यात आहे.

पुस्तक हातात आहेच, तर ते उघडू नये म्हणून त्याला रबर लावा आणि हवेत फेकून झेला. उभ्या कण्याला समांतर आसाभोवती फिरवा: नीट फिरते. ताटलीसारखे, मुखपृष्ठाला काटकोनातल्या आसाभोवती फिरवा: तेही नीट. आता मुखपृष्ठ तुमच्याकडे ठेवून, पुस्तकाला कोलांटी देत वर फेका. झेलाल तेव्हा बहुतेक वेळा मलपृष्ठ तुमच्याकडे असेल. कोलांटी घेता घेता ते मध्येच आपोआप कुशीवर वळते. हात चुकला असे वाटून पुन्हा फेकाल, पुन्हा तेच होईल. तिन्ही आसांतला हा मधला: विरोध सर्वांत कमीही नाही आणि सर्वांत जास्तही नाही. दोन टोकांच्या आसांभोवतीचे फिरणे जरासा धक्का पचवते. मधल्या आसाभोवतीचे मात्र टोकावर उभ्या केलेल्या पेन्सिलीसारखे असते. बारीकसा डळमळाट वाढत वाढत वस्तूला उलटी करतो. १९८५ साली व्लादिमिर जानिबेकोव्ह या सोव्हिएत अंतराळवीराने अंतराळात मोकळा तरंगणारा, दोन पंख असलेला नट फिरत जाऊन पुन्हा पुन्हा उलटा-सुलटा होताना पाहिला, तो हाच प्रकार.

सर्वांत कमी विरोधाचा आसही पूर्ण भरवशाचा नाही. एक्सप्लोरर-१ हा अमेरिकेचा पहिला उपग्रह १९५८ साली सोडला गेला. तो लांबट, बारीक होता आणि बंदुकीच्या गोळीसारखा आपल्या लांबीभोवती फिरत राहील अशी अपेक्षा होती. थोड्याच काळात तो टोकावरून टोकावर कोलांट्या घेऊ लागला. त्याच्या लवचीक अँटेना हलत राहिल्या आणि त्यात ऊर्जा झिजली. कोनीय संवेग मात्र कुठे जाऊ शकत नव्हता. तेवढाच संवेग कमीत कमी ऊर्जेत सांभाळायचा तर एकच मार्ग उरतो: सर्वांत जास्त विरोधाचा आस धरायचा आणि सावकाश फिरायचे.

शेवटी मांजर. पाय वर करून धरलेले मांजर तसेच सोडले, तर ते हवेतल्या हवेत वळून चार पायांवर उतरते. १८९४ साली एत्येन-झ्यूल मारे या फ्रेंच शास्त्रज्ञाने अशा पडत्या मांजराची लागोपाठ छायाचित्रे घेतली, तेव्हा जाणकारांचीही पंचाईत झाली. सोडताना मांजर फिरत नव्हते, म्हणजे कोनीय संवेग शून्य. हवेत ढकलायला काही नाही, म्हणजे तो शून्यच राहणार. मग ते वळले कसे? छायाचित्रांत दिसते ते असे. मांजर कमरेत वाकते, पुढचे पाय पोटाशी घेते आणि मागचे लांब पसरते. पुढचा भाग आटोपशीर असल्याने पुष्कळ वळतो, मागचा पसरट असल्याने उलट दिशेने थोडाच. मग अदलाबदल: पुढचे पाय लांब, मागचे आखडलेले, आणि आता मागचा भाग पुष्कळ वळतो. प्रत्येक क्षणी दोन्ही भागांच्या संवेगांची बेरीज शून्य आहे. जमिनीवर टेकते तेव्हा मांजराचा आकार सुरुवातीला होता तसाच असतो. फक्त पोट आकाशाकडे होते, ते आता जमिनीकडे आहे.